अस्सल गाडीचे ब्रेक

तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की ब्रेकबाई. ज्यांच्या गाड्या तिने दारातूनच परत पाठवल्या होत्या ते याहून वेगळं काही म्हणत असतील, पण त्याची चौकशी करत बसायला तिला सवड नव्हती. वय बावन्न, अंगाने काटक, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली, आणि बोलणं असं की समोरच्याने आपण होऊन दोन पावलं मागे सरावं.

तिची शेड रस्त्याच्या टोकाला होती, लाकडाच्या वखारीच्या पलीकडे. एका वेळी तीन गाड्या मावत. इंजिनाला ती हात लावत नसे, रंगाला तर नाहीच. फक्त ब्रेक. मागच्या भिंतीवर खिळ्यांना तिने झिजून पार पत्रा झालेले ब्रेकचे शू टांगून ठेवले होते आणि प्रत्येकाखाली खडूने त्या त्या मालकाचं वाक्य लिहिलं होतं. ‘अजून चालतंय की.’ ‘थोडा आवाज येतो, बाकी काही नाही.’ ‘परवाच बदललेत.’ नवं गिऱ्हाईक ती भिंत वाचून हसे, आणि बाई हसत नाही हे दिसलं की हसू आवरतं घेई.

“गाडी किती पळते हे सगळ्यांना पाठ असतं,” ती म्हणे. “किती फुटांत थांबते हे विचारलं की छताकडे बघतात.”

जुन्या गाड्यांचे शौकीन तर तिच्या डोक्यातच जात. ही माणसं बंपर मऊ फडक्याने पुसणार, दिव्याच्या कडेचा एक स्क्रू मिळावा म्हणून चार चार महिने चिठ्ठ्या पाठवणार, आणि ब्रेकचं तेल शेवटचं कधी बदललं असं विचारलं तर म्हणणार, “ते पण बदलतात का?” तिच्या मते हे तोंडाला पावडर फासून दात न घासण्यातलं होतं. आणि या सगळ्या मंडळींचा मुकुटमणी होता तिचा सख्खा थोरला भाऊ.

दादा विमा कचेरीतून साहेब होऊन निवृत्त झाला होता. पस्तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासले. ‘चूक कोणाची’ हा रकाना भरण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्तीनंतर तो जुन्या गाड्यांच्या मंडळाचा चिटणीस झाला, डोक्यावर चपटी टोपी आली आणि जिभेवर ‘अस्सल’ हा शब्द येऊन बसला. अस्सल काच. अस्सल हॉर्न. दाराच्या मुठीसुद्धा अस्सल. गाडी मात्र त्याची स्वतःची कमाई नव्हती. ती वडिलांची. वडिलांनी ती भंगारातून उचलली आणि याच शेडमध्ये सात वर्षं खपून उभी केली. चार दारांची, सायीच्या रंगाची, मोठ्या गोल दिव्यांची. वडील गेल्यावर वाटणी सरळ झाली: गाडी दादाला, शेड तिला. दादाला वाटलं, आपण जिंकलो. तिलाही वाटलं, आपणच जिंकलो. त्यामुळे भांडण झालं नाही.

पण एक गोष्ट दोघांच्या मध्ये होती आणि ती वाटणीच्या कितीतरी आधीची होती.

तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि वडिलांच्या हाताखाली काम शिकत होती. दादाच्या लग्नाला पाच महिने झाले होते. त्या शनिवारी तिने घरच्या गाडीच्या चारी चाकांच्या ब्रेकच्या शूंना नवे लायनर लावले, ड्रम चढवले, नळीतली हवा काढली. पहिल्यांदाच सगळं एकटीने. वडील लांब स्टुलावर बसून नुसते बघत होते. रविवारी दादा वहिनीला घेऊन फिरायला गेला, आणि तासाभराने वहिनीला दवाखान्यात नेल्याचा निरोप आला. हनुवटी फाटली होती, आठ टाके पडले, पुढचे दोन दात गेले. गाडीला ओरखडासुद्धा नव्हता.

“साधा पाय ठेवला ब्रेकवर,” दादा सगळ्यांना सांगत होता. “चारी चाकं एकदम चावली. गाडी जागच्या जागी. ही सरळ पुढच्या पत्र्यावर. कोणी बसवले होते ते शू?”

कोणी बसवले होते ते सगळ्यांना ठाऊक होतं. काका म्हणाले, पोरीच्या हातात ब्रेक दिल्यावर दुसरं काय होणार. शेजारीही म्हणाले. आई काही म्हणाली नाही, पण दोन दिवस तिच्याशी बोललीही नाही. वडिलांनी त्याच संध्याकाळी चारी ड्रम उघडले, तासभर निरखले आणि परत लावून टाकले. “ब्रेक ठीक आहेत,” एवढंच ते तिला म्हणाले. तिला वाटलं, बाप आहे, समजूत काढतोय.

काम तिने सोडलं नाही. उलट हट्टाने धरलं. पण त्या दिवसापासून वहिनीशी बोलताना तिची नजर वहिनीच्या कानापाशी असे, हनुवटीवर ती कधी गेली नाही. आणि दादाने त्या प्रसंगाचा चक्क किस्सा करून टाकला. पाहुण्यांत, कचेरीत, पुढे मंडळाच्या चहापानात, तिच्या देखतसुद्धा: “आमच्या बहिणीने बसवलेले पहिले ब्रेक! बायकोचे दोन दात घेऊन थांबले!” लोक हसत. वहिनी ओठ मिटून हसे. एकतीस वर्षं हा किस्सा चालला.

यंदा मंडळाचं मोठं प्रदर्शन ठरलं. बाहेरगावचे परीक्षक येणार होते, आणि सकाळी प्रदर्शनाआधी सगळ्या गाड्यांनी डोंगराच्या रस्त्याने वर जाऊन खाली मैदानात उतरायचं होतं. तीन आठवडे आधी दादा गाडी घेऊन शेडच्या दारात उभा राहिला. गाडी नुकतीच रंगवून आणली होती. तिच्यात तोंड दिसत होतं आणि दादा मधून मधून ते पाहतही होता.

“ब्रेक बघून दे,” तो म्हणाला. “बदलू काही नकोस. नुसतं साफसूफ. सगळं अस्सल राहिलं पाहिजे.”

तिने गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, पुढचं चाक काढलं, ड्रम उतरवला आणि आत बोट फिरवलं. मग बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाचं भांडं पाहिलं. तेल चहाच्या रंगाचं झालं होतं.

“दादा, चारी चाकांना मिळून एकच नळी आहे. कुठे एक जोड सुटला की चारी चाकं मोकळी. आणि डोंगरावरून उतरताना हे ड्रम तापले की तू पेडलवर नाचत बस, गाडी आपली निवांत खाली चालली.”

“त्या काळी लोक चालवतच होते ना?”

“मरतही होते. त्यांनी मंडळ काढलं नाही म्हणून तुझ्या कानावर आलं नसेल.”

दादाने टोपी सारखी केली. तिने काय काय करावं लागेल ते सांगितलं. पुढच्या दोन चाकांना डिस्क. पुढची चाकं आणि मागची चाकं वेगळ्या नळ्यांवर, म्हणजे एक फुटली तरी दुसरी गाडी थांबवेल. आणि सगळ्या सीटना पट्टे.

“पट्टे?” दादा असा दचकला की तिने जणू गाडीत गुरं बांधायची गोष्ट काढली. “दारामागच्या खांबाला भोक पाडणार? अस्सल खांबाला? परीक्षक मार्क कापतात, कळतंय का तुला?”

“वहिनी बसणार आहे ना गाडीत?”

“म्हणजे काय? जोडीने बसायचा नियमच आहे. तिचा तर त्या काळचा ड्रेससुद्धा शिवून झालाय.”

“मग पट्ट्याशिवाय ही गाडी शेडबाहेर जायची नाही.”

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग हळूच हसला. “तू सांगणार? ब्रेकबद्दल? मला?”

एरवी ट्रकवाल्यांना रडवणारी बाई हातातलं फडकं घडी घालत उभी राहिली. दादा “नुसतं साफसूफ” असं पुन्हा एकदा बजावून रिक्षाने घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आली. एकटी, चालत, खांद्याला पर्स. एकतीस वर्षांत ती या शेडमध्ये चार वेळा आली असेल, तीही दारापर्यंत. आज ती सरळ आत आली आणि घोड्यांवर चढवलेल्या गाडीभोवती एक फेरी मारली.

“वन्सं, सगळं बदलून टाका,” ती म्हणाली. “तुम्ही यांना सांगितलंत ते सगळं. पट्टेसुद्धा.”

“दादा नको म्हणालाय.”

“ते जोडीने बसणार आहेत. जोडीतली एक नाही म्हणाली तर एकटेच बसतील का?”

संध्याकाळी दादाचा फोन आला. आवाज असा, जणू कोणी त्याला खुर्चीला बांधून बोलायला लावत होतं. “कर. पण बाहेरून काही दिसता कामा नये.”

“ब्रेक चाकाच्या आत असतात,” ती म्हणाली. “बाहेरून दिसतो तो फक्त माणूस.” आणि फोन ठेवला.

पुढचे दहा दिवस तिने दुसरी गाडी आत घेतली नाही. त्याच कंपनीच्या नंतरच्या एका गाडीचे डिस्क आणि त्या दोन्हीकडून दाबून धरणारे कॅलिपर तिने मागवले. ते चाकाच्या जुन्या हबवर बसवायला एक पट्टी हवी होती, ती शेजारच्या लेथवाल्याने करून दिली. चाक चढवून फिरवलं तर कॅलिपर रिमला केसभर घासत होता.

“थोडी कानस मारा की कॅलिपरला,” लेथवाला म्हणाला. “कोण बघतंय?”

तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो निमूट परत गेला आणि पट्टी दुसऱ्यांदा करून घेऊन आला. ह्या वेळी चाक मोकळं फिरलं.

पट्ट्यांसाठी सीटा बाहेर काढल्या. खाली नवंकोरं लाल जाजम, कडेला शिलाई, मध्ये एक सुरकुती नाही. जाजम उचललं तर खालीही तोच चकचकीत रंग. तिने पान्याच्या टोकाने तळाचा पत्रा ठोकत पाहिला. मध्ये ठणठण वाजला. दाराकडेच्या बाजूला, जिथे पट्ट्याचा बोल्ट येणार होता तिथे, धप्प. तिने स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, हाताने दाबलं, आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. खालून शेडची फरशी दिसली. वर रंग, रंगाखाली खड्डे बुजवायची बोटभर लांबी, त्या लांबीखाली जाळी आणि जाळीच्या आधाराला दडपलेला वर्तमानपत्राचा बोळा. बोळ्यावरची तारीख गेल्या वर्षीची होती.

तिने दादाला बोलावून घेतलं. तो आला, वाकला, भोकातून बघितलं.

“रंगवाला तर म्हणाला पत्रा शाबूत आहे.”

“रंग लावलाय त्याने बरोबर.”

“पण एवढंसंच आहे ना?”

“दादा, ह्याच्यात पट्टा बोल्ट केला असता तर पहिल्या झटक्याला वहिनी पट्ट्यासकट, बोल्टसकट आणि पेपरासकट काचेवर गेली असती. अस्सल म्हणतोस ना? ह्या गाडीतली सगळ्यात अस्सल गोष्ट हा गंज आहे.”

“हे मंडळात बोलू नकोस,” दादा खालच्या आवाजात म्हणाला. भोकाबद्दल त्याला वाईट वाटलं असेल, पण चेहऱ्यावर भीती होती ती परीक्षकांची. ती तिला स्पष्ट दिसली आणि तिला शिसारी आली.

दोन्ही बाजूंचा सडका पत्रा तिने कापून टाकला, जाड पत्र्याचा नवा तुकडा जोडून घेतला, खाली तळहाताएवढ्या पोलादी पट्ट्या वेल्ड करून त्यात नट बसवले. दारामागच्या खांबातही आतून तसंच. पट्ट्याचा झटका बोल्टवर येतो, बोल्टचा पत्र्यावर, आणि पत्रा फाटला तर पट्टा नुसता शोभेला, हे ती काम करताना स्वतःशीच बोलत होती. तिथे ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

खांबावरचा वरचा बिंदू नक्की करायला बसणारं माणूस हवं होतं. पट्टा खांद्याच्या मधून यायला हवा, गळ्यावर नाही. कमरेला हाडांवर बसायला हवा, पोटावर नाही. तिने वहिनीला बोलावलं. वहिनी पुढच्या सीटवर बसली. ब्रेकबाईने पट्टा ओढून तिच्या अंगावरून घेतला, कमरेशी अडकवला आणि माप घ्यायला वाकली. इतक्या जवळून ती हनुवटी तिने पहिल्यांदाच पाहिली. डावीकडून उजवीकडे गेलेली पांढुरकी रेघ, टाक्यांच्या ठिपक्यांसकट.

“गळ्याला लागतोय का?” तिने विचारलं.

“नाही.” वहिनी समोर काचेकडे बघत होती. “वन्सं, त्या दिवशी हा असता तर काही झालं नसतं.”

“ब्रेक चावले नसते तरी काही झालं नसतं,” ती म्हणाली. हे एकतीस वर्षांत तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं.

“चावले कुठे?”

तिचा हात पट्ट्यावर तसाच राहिला.

“ब्रेक चांगलेच होते,” वहिनी म्हणाली. “यांचा एक मित्र स्कूटरवरून येताना मागे राहिला होता. हे खिडकीतून मागे वळून त्याला हात करत होते. मी म्हटलं, अहो, समोर. समोर हातगाडी आडवी आली होती, ती ढकलत एक म्हातारा. मग हे ब्रेकवर दोन्ही पायांनी उभेच राहिले. गाडी हातभर अंतरावर थांबली. तो म्हातारा वाचला, वन्सं. तुमच्या ब्रेकनी वाचला. मी तेवढी पुढे गेले.”

वखारीतली करवत मध्येच ओरडली.

“आणि हे तू आत्ता सांगतेस?”

“तेव्हा तोंड शिवलेलं होतं. पंधरा दिवस पेजेवर होते. बोलता येईपर्यंत घरात सगळं ठरून गेलं होतं. पाच महिन्यांची नवी सून, नवऱ्याला खोटं कसं पाडणार? मग वर्ष गेलं. मग वाटलं, आता कशाला. मग तो किस्सा झाला.” वहिनी थांबली. “खरं सांगू? सोयीचंही होतं. घरात बोल लावायला दुसरं कोणी होतं, तोवर मला कोणी काही म्हणत नव्हतं.”

ब्रेकबाईने कमरेचं बक्कल सोडलं, पट्टा गुंडाळीत जाऊ दिला आणि शेडच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिली. कोणी विचारलं असतं तर तिला वाटत होतं ते सांगता आलं नसतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना. राग येत होता. दादाचा तर होताच. ओठ मिटून हसणाऱ्या वहिनीचा होता. पण सगळ्यात जास्त स्वतःचा. गिऱ्हाइकाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवू नये, चाक काढून बघावं, हे ती येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवत असे. आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी तक्रार तिने ड्रम न उघडता मान्य केली होती. उघडून बघणाऱ्या माणसाने तिला सांगितलं होतं, ब्रेक ठीक आहेत. त्याचं तिने मानलं नाही. विमा कचेरीतल्या माणसाचं मानलं.

ती परत आली तेव्हा वहिनी तशीच सीटवर बसली होती.

“बस सरळ,” ती म्हणाली. “माप राहिलंय.”

मापं घेतली. खांबाला भोक पाडलं.

गाडी न्यायला दादा आला तेव्हा तिने त्याला बाजूच्या सीटवर बसवलं आणि स्वतः चालवायला बसली. “पट्टा लाव,” ती म्हणाली. बंद पडलेल्या गिरणीमागे एक लांब मोकळा रस्ता होता, तिथे तिने गाडी पळवली, आणि काही न सांगता ब्रेक पूर्ण दाबला. गाडी सरळ रेषेत, नाक किंचित खाली घालून, उभी राहिली. दादा पुढे गेला, पट्ट्याने त्याला धरलं, टोपी तेवढी पुढे जाऊन काचेवर आपटली.

“कळलं?” तिने विचारलं. “असेच लागले होते ना त्या दिवशी? तू हात करत होतास तेव्हा?”

दादाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. पस्तीस वर्षांची सवय होती. “तिने सांगितलं वाटतं. अगं, इतकी जुनी गोष्ट. आणि मी मुद्दाम काही केलं का? घाईत तसं वाटलं मला.”

“घाई एकतीस वर्षं चालली?”

“असं बघ,” तो टोपी उचलून झटकत म्हणाला, “त्या बोलण्यामुळेच तू इतकी काटेकोर झालीस की नाही? नाहीतर तूही चार मिस्त्रींसारखी मिस्त्री झाली असतीस. एका अर्थी तुझं भलंच झालं.”

म्हणजे तिचं नाव खराब केलं हेही त्याने तिच्यावरच्या उपकारांत जमा करून टाकलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला आश्चर्य वाटलं ते एवढंच की या माणसाला आपण इतकी वर्षं घाबरत होतो. तिने गाडी वळवली.

“पट्टा सोडू नकोस,” ती म्हणाली. “घर यायचंय अजून.”

प्रदर्शनाला तीही गेली. वहिनीने बोलावलं होतं, नवे ब्रेक आहेत, उतारावर सोबत असा म्हणून. ती मागच्या सीटवर बसली, कमरेचा पट्टा लावून. पुढे दादा जुन्या काळचा कोट घालून, शेजारी वहिनी मुद्दाम शिवलेल्या ठिपक्यांच्या ड्रेसमध्ये. वर जाताना सगळ्या गाड्या कशा ऐटीत होत्या. उतार लागला आणि अर्ध्या वाटेत जळक्या लायनरचा वास यायला लागला. एका वळणावर सहा गाड्या कडेला लागल्या होत्या. चाकांतून धूर निघत होता. मंडळाचे अध्यक्ष, मोठे डॉक्टर, पांढरे हातमोजे घालून स्वतःच्या लाल गाडीच्या ड्रमवर बाटलीतलं पाणी ओतायच्या बेतात होते.

“पाणी नको!” ती खिडकीतून ओरडली. “तडकतील! नुसते थांबा!”

“त्या काळी असंच थांबत थांबत जायचे,” अध्यक्ष हसून म्हणाले आणि बाटलीला झाकण लावू लागले.

दादाची गाडी खाली पोहोचली तेव्हा तिने उतरून पुढच्या चाकाजवळ हात धरला. डिस्क गरम होती, धग नव्हती. पेडल तसंच टणक.

मैदानात परीक्षक आले. एक उंच, वयस्क माणूस, गळ्यात चष्मा, हातात कागद. खाली वाकून त्याने चाकांतून पाहिलं, आत डोकावून पट्टे पाहिले आणि काहीतरी लिहिलं. दादाला ते लिहिणं सोसवेना. भोवती मंडळाची पंधरा वीस माणसं उभी होती.

“साहेब, मी नकोच म्हणत होतो,” दादा म्हणाला. “हा सगळा आमच्या बहिणीचा हट्ट. ब्रेकची जरा धास्तीच आहे तिला. त्यालाही कारण आहे. तिने बसवलेले पहिले ब्रेक, काय सांगू, आमच्या बायकोचे दोन दात घेऊन…”

“ब्रेक चांगलेच होते,” वहिनी म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण सगळ्यांनी ऐकलं. दादा हसायच्या तयारीतच थांबला.

“हे मागे वळून मित्राला हात करत होते,” वहिनी परीक्षकाला म्हणाली, जणू त्याच्या कागदावर हेही यायला हवं होतं. “समोर हातगाडी आली. ह्यांनी दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले, गाडी थांबली, हातगाडीवाला वाचला. पट्टा नव्हता म्हणून मी पत्र्यावर गेले. ब्रेक वन्संनी बसवले होते. उत्तम बसवले होते.”

कोणीतरी खोकलं. अध्यक्षांनी हातमोजे काढायला घेतले आणि ते काढण्यात फार वेळ लावला. दादा म्हणाला, “अगं, इथे काय…” परीक्षकाने चष्मा लावला आणि ब्रेकबाईकडे पाहिलं.

“हे आत्ताचे तुम्ही बसवलेत?”

“हो. तेव्हाचेही मीच.”

त्याने मान हलवली आणि पुढच्या गाडीकडे गेला. पट्ट्यांचे आणि डिस्कचे मार्क कापलेच गेले, नियम म्हणजे नियम. गाडी अकरावी आली. पहिला नंबर अध्यक्षांच्या लाल गाडीला मिळाला. ती मैदानात दोरीने ओढून आणावी लागली होती, पण तिच्यातलं सगळं अस्सल होतं.

त्यानंतर तीन महिने दादा बहिणीशी बोलला नाही. बायकोशी बोलणं भाग होतं, कारण जेवण तिच्या हातात होतं. चिटणीसपद त्याने प्रकृतीचं कारण सांगून सोडलं. तो किस्सा त्यानंतर कोणी ऐकला नाही. माफीचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही आणि ब्रेकबाईनेही तो मागितला नाही. त्याच्याकडून तो घेऊन ठेवायचा कुठे, असं ती वहिनीला म्हणाली, तेव्हा वहिनी मोकळ्या तोंडाने हसली.

दोघींचं मात्र जमून गेलं, तेही लगेच नाही. पहिले काही आठवडे ब्रेकबाई तिच्याशी तुटकच वागली, आणि वहिनीने ते मुकाट्याने घेतलं. मग एका रविवारी वहिनी शेडमध्ये आली आणि म्हणाली, मला गाडी शिकवा. छप्पन्नाव्या वर्षी. ब्रेकबाईने तिला त्याच गिरणीमागच्या रस्त्यावर नेलं आणि पहिला आठवडाभर दुसरं काही शिकवलं नाही, फक्त थांबायला.

आणि मंडळाची माणसं येऊ लागली. एकेकटी, दुपारच्या वेळी, बाजारात निघाल्यासारखी. कोणी म्हणे, सहज चौकशी करतोय. कोणी म्हणे, बायकोच मागे लागलीय. डिस्क बसतील का, पट्टे बसतील का, आणि बाहेरून दिसणार तर नाही ना? ती सगळ्यांची कामं घेत असे आणि एकालाही मान देत नसे. गेल्या आठवड्यात अध्यक्ष आले. लाल गाडी रस्त्याच्या त्या टोकाला, वखारीच्या आडोशाला उभी करून.

“हे आपल्यातच राहू द्या,” ते म्हणाले. “माप वगैरे घेऊन टाका. मी बसतो हवं तर.”

“तुमचं माप कशाला?” ती फडक्याला हात पुसत म्हणाली. “तुम्हाला धरायला समोर स्टिअरिंग आहे. शेजारी कोण बसतं?”

“मिसेस.”

“मग त्यांना घेऊन या. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी चाकाला हात लावत नाही.”

डॉक्टर काहीतरी म्हणणार होते. भिंतीवरच्या ओळी वाचल्या आणि गाडीकडे परत गेले. गुरुवारी दोघं आली.